चौथे बटण

आमच्या घरी येणारा प्रत्येक जण घंटी वाजवतो. विजेचे बिल तेवढे वाजवत नाही. ते दाराखालच्या फटीतून चोरपावलांनी आत येते, आणि त्यानंतर चोर आपण ठरतो. त्या महिन्याचे बिल पत्नीने उचलले, उभ्यानेच वाचले आणि बशीच्या जागी माझ्या चहाच्या कपाखाली ठेवून दिले. आधीच्या महिन्यात तिने ते कपाशेजारी ठेवले होते. त्याच्या आधीच्या महिन्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. आकडा जसजसा चढत गेला तसतसे बिल माझ्या जवळ सरकत आले होते. आमच्या संसारात आरडाओरडा होत नाही. वस्तूंच्या जागा बदलतात.

आता, आमच्या घरात वीज खाणारे असे आहे तरी काय? वरच्या मजल्यावरच्या तीन भाड्याच्या खोल्या. थंड करण्यापेक्षा कण्हण्यातच ज्याचा जीव रमतो असा एक फ्रिज. एक टीव्ही, ज्याच्यावर मुलीची वह्यापुस्तके ठेवता येत नाहीत म्हणून पत्नी त्याला नावे ठेवते. एक इस्त्री. काही दिवे. आणि मी. माझ्या गरजा अत्यंत थोड्या आहेत, हे मी लग्नापासून पत्नीला सांगत आलो आहे आणि तिनेही ते कधी नाकारलेले नाही. फक्त ते ऐकताना ती कामाला लागते.

घराच्या मागच्या बाजूला एक अरुंद गॅलरी काचा लावून बंद केलेली आहे. तिथे माझे टेबल. मी एका सार्वजनिक कार्यालयात लोकांच्या तक्रारींना उत्तरे लिहिण्याचे काम करतो, आणि कार्यालयात न संपलेल्या तक्रारी घरी आणतो. आपली तक्रार प्राप्त झाली. सदर बाब विचाराधीन आहे. सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दिसायला सोपी वाक्ये आहेत. पण माणसाला काहीही न देता आदराने परत पाठवायचे, तर शब्द फार निवडून घ्यावे लागतात.

टेबलाच्या वरच, हात सहज पोचेल अशा उंचीवर, एक जुना बोर्ड आहे. त्यावर चार बटणे. पहिल्याने दिवा लागतो, दुसऱ्याने पंखा फिरतो, तिसऱ्याच्या मर्जीवर प्लगमध्ये वीज येते. चौथ्याने काहीच होत नाही. घर घेतले त्या दिवशीच मी ते दाबून पाहिले, खोलीभर पाहिले, पुन्हा दाबले. काहीच नाही. घरमालकीणबाई दुसऱ्या गावी राहतात. त्यांना फोनवर विचारले, तर त्या म्हणाल्या की आधीच्या भाडेकरूंनी काहीबाही करून ठेवले असेल, तुम्ही लक्ष देऊ नका.

मी लक्ष दिले नाही असे म्हणता येणार नाही. त्या बटणावर माझा जीव जडला. या जगात दाबले म्हणजे काहीतरी झालेच पाहिजे, असा सर्वांचा हट्ट असताना ते एकटे बटण खट् असा स्वच्छ आवाज करून गप्प राहत होते. हाकेला उत्तर नसणे ही माझ्या पिढीची जखम आहे, असे मला महाविद्यालयापासून वाटत आले आहे. आणि इथे ती जखम भिंतीत बसवून, तिला पांढरा रंग देऊन ठेवलेली होती. उत्तर लिहिताना शब्द अडला की माझे बोट आपोआप तिकडे जाई. खट्. मग शब्द सापडे. किंवा सापडत नसे, मग पुन्हा खट्.

त्या गॅलरीचे दुसरे वैभव म्हणजे झरा.

मागच्या भिंतीच्या पलीकडे, खाली, एक बोळ आहे. तिकडे उतरायला वाट फक्त तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून. माझ्या खिडकीतून दिसते ते एका मोठ्या झाडाचे पाठमोरे डोके. त्या झाडाखाली कुठेतरी पाणी वाहत असे. सलग, समजूतदार, तक्रार नसलेले पाणी. कधी दिवसभर वाहायचे, कधी दोन-दोन दिवस आटायचे. पुष्कळ दिवस लक्षपूर्वक ऐकल्यावर मला त्यातला नियम सापडला. माझे मन अस्वस्थ असले की झरा वाहतो, आणि मन निवले की तो थांबतो. हा शोध मी कार्यालयातल्या दोघांना सांगितला. एकाने मला रजा घेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने विचारले, घर रिकामे होणार असेल तर मला कळवाल का?

तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांना सगळी इमारत सिस्टर म्हणते. त्यांचे यजमान भूगोलाचे शिक्षक होते. पाठीच्या दुखण्याने ते दोन वर्षांपासून मागच्या खोलीत पलंगावर पडून आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात. एकदा त्यांच्याजवळ बसलो असता मी झऱ्याचा विषय काढला. सरांनी छताकडे पाहत विचारले, "इथला खडक कोणता आहे?"

मी म्हणालो, खडकाचे मला ठाऊक नाही, पण आवाज आहे.

"आवाज आहे म्हणजे काहीतरी वाहतंय खरं," सर म्हणाले, आणि शिक्षक ज्या नजरेने मागच्या बाकाकडे पाहतात त्या नजरेने ते माझ्याकडे प्रेमाने पाहू लागले. मला ती संमती वाटली. पुढे मुलीने एकदा खालून निरोपही आणला, की आजोबांना पाण्याचा आवाज फार आवडतो, असं बाबांना सांग म्हणाले. एकाच झऱ्याचे दोन श्रोते, एक वर, एक खाली. मला भरून आले होते.

मुलगी खालून निरोप आणते, कारण तिची दुपार खालीच जाते. शाळा लवकर सुटते. आम्ही दोघे संध्याकाळी घरी येतो. मधला सगळा वेळ ती सिस्टरांकडे असते. तिथे ती जेवते, सरांना नकाशातली गावे शोधून दाखवते, त्यांच्या पायाशी झोपते. याचे सिस्टर काही घेत नाहीत. विचारले तर रागावतात. म्हणूनच, बिल कपाखाली ठेवले त्या सकाळी पत्नी एवढेच म्हणाली, "शोध कुठे जाते वीज ती. पण खालच्यांशी वाकडं येईल असं काही करू नकोस. पोरीची आजी आहे ती, समजलं?"

समजले, असे मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती या शब्दानंतर सुरू झालेल्या आहेत.

तपासाला साहाय्यक लागतो, आणि तो शोधावा लागला नाही. आमच्या समोरच्या दारात एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी कोणती नोकरी केली ते कोणालाच नक्की माहीत नाही. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात ते 'मी अनुभवाने सांगतो' अशी करतात, त्यामुळे इमारतीत त्यांना अनुभवी म्हणतात. बिल हातात घेऊन मी जिन्यात उभा होतो, एवढ्यावरून त्यांनी सगळे ओळखले. त्यांनी अनुभवाने सांगितले की फ्रिज भिंतीपासून लांब ओढा. मी ओढला. फ्रिजमागे मुलीची हरवलेली पट्टी, एक लग्नपत्रिका आणि माझ्या पाठीत एक उसण, एवढे सापडले. मग त्यांनी अनुभवाने सांगितले की इस्त्री बंद करा. आठवडाभर मी चुरगळलेल्या सदऱ्याने कार्यालयात गेलो. साहेबांनी मला खोलीत बोलावून घरी सर्व ठीक आहे ना असे हळुवारपणे विचारले. मग त्यांनी अनुभवाने सांगितले की मीटर पळतो आहे.

मीटर पळतो आहे, असा अर्ज मी वीज कार्यालयात दिला. अर्ज असा लिहिला होता, की तो वाचून माझ्या हाताखालच्या उमेदवारांनी धडा घ्यावा. खिडकीवरच्या बाईंनी तो न वाचता एका ढिगावर ठेवला आणि वर दुसऱ्याचा अर्ज ठेवला. मी त्या ढिगाकडे पाहत राहिलो. अशाच ढिगापलीकडे मी रोज बसतो. त्याला ही बाजू असते हे मला तोवर सुचले नव्हते. काही दिवसांनी उत्तर आले. आपली तक्रार प्राप्त झाली. सदर बाब विचाराधीन आहे. शब्द न् शब्द माझे होते. स्वल्पविरामसुद्धा. स्वतःच्याच हाताने आदराने परत पाठवले जाण्याची ही वेदना कशी असते, ते मी पत्नीला समजावून सांगू लागलो. तिने विचारले की माणूस तपासायला येणार आहे की नाही.

माणूस आला. जांभया देत त्याने मीटरला एक यंत्र लावले, काढले आणि सांगितले की मीटर चोख आहे, वापर तुमचाच आहे. एवढे बोलून तो जिन्यावरून उतरूनही गेला. वापर तुमचाच आहे, हे वाक्य मला एखाद्या थंड हातासारखे लागले. पण अनुभवींना ते मान्य नव्हते. मीटर चोख, वापर आपला नाही. म्हणजे आता एकच शक्यता उरते, असे म्हणून ते थांबले आणि त्यांनी खालच्या मजल्याकडे पाहिले. मी त्यांच्या नजरेमागे गेलो नाही, हे मला इथे नोंदवले पाहिजे. मी फक्त जिथे ते पाहत होते तिथे पाहिले.

त्यांची पद्धत शास्त्रीय होती. घरातले सगळे बंद करायचे आणि जिन्याखालच्या मीटरचा लाल ठिपका पाहायचा. लुकलुकला, तर वीज बाहेर जाते आहे. रविवारी सकाळी पत्नीने खोलीखोलीतून फिरून सगळे बंद केले. फ्रिज कण्हायचा थांबला. गॅलरीतले दिवा, पंखा आणि प्लग मी स्वतः बंद केले. चौथ्या बटणाचा प्रश्नच नव्हता. जे काही करत नाही ते बंद काय करायचे? शिवाय सकाळपासून एका अवघड उत्तराने मला छळले होते, मन अत्यंत अस्वस्थ होते आणि बाहेर झरा भरात होता.

लाल ठिपका लुकलुकत होता. शांतपणे, निर्लज्जपणे.

मग अनुभवींनी दुसरा प्रयोग सुचवला. ते आमचा मेन स्विच खाली ओढतील. मी सिस्टरांच्या दाराशी उभे राहून आतले काय बंद पडते ते ऐकावे. मी उभा राहिलो. आत, मागच्या बाजूला कुठेतरी, एक बारीक घुरघुर चालू होती. ही घुरघुर मी वरूनही पुष्कळदा ऐकली होती. झऱ्याच्या आवाजाखाली, एखाद्या सुंदर कवितेखालच्या छपाईच्या डागासारखी. अनुभवींनी स्विच ओढला. घुरघुर थांबली. त्याच क्षणी मागचा झराही थांबला. निसर्गाने श्वास रोखला, असे मला वाटले. त्याला माझ्या शोधाची जाणीव झाली असावी. अनुभवींनी स्विच वर केला. घुरघुर सुरू झाली आणि झऱ्यानेही सुस्कारा सोडला.

या ठिकाणी कोणत्याही शहाण्या माणसाने बसून विचार केला असता. मी घंटी वाजवली.

सिस्टरांनी दार उघडले. त्यांच्या हातात वाटी आणि चमचा होता. मी काय बोललो ते मला शब्दशः आठवते. विसरता आले असते तर बरे झाले असते. मी म्हणालो, "आपल्या घरातील एखादे यंत्र आमच्या मीटरवर चालत असावे, असा संशय घेण्यास जागा आहे."

घराच्या उंबरठ्यावर उभे राहून, जी बाई माझ्या मुलीला दुपारी भरवते तिला, मी हे बोललो. 'घेण्यास जागा आहे' असे. माझ्या मागे अनुभवी साक्षीदाराच्या पवित्र्यात उभे होते.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली, हात पुसले आणि म्हणाल्या, "या. एकच यंत्र आहे. बघून घ्या."

मागच्या खोलीत सर त्यांच्या पलंगावर होते. पलंगावर हवेची गादी; तिच्या पोटात हवा इकडून तिकडे फिरवणारी, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. पेटी घुरघुरत होती, दारापर्यंत पोचेल की नाही अशी. तिची तार भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. प्लग सिस्टरांचा, भिंत सिस्टरांची. पण मी त्या वेळी पुराव्याच्या मागे होतो, आणि पुराव्याच्या मागे असलेल्या माणसाला समोरचे दिसत नाही. मी विचारले, ही पेटी थोडा वेळ बंद करता येईल का?

सिस्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग त्यांनी पेटीचे बटण बंद केले, आणि पेटीतून गादीची नळीही काढली. हवा सुटू लागली.

सर हळूहळू खाली जाऊ लागले. आधी त्यांचे खांदे गेले, मग कंबर, मग पाय. बुडणाऱ्या होडीतला प्रवासी किनाऱ्यावरच्या माणसाकडे पाहतो तसे ते माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत घाई नव्हती, उत्सुकता होती. अर्ध्यावर पोचल्यावर त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"बसा ना," ते म्हणाले. "मी काही लगेच तळाला जात नाही."

मी बसलो. गादी सपाट झाली. पेटी गप्प होती. आणि त्या शांततेत, खिडकीच्या बाहेरून, तशीच बारीक घुरघुर येत होती. तिच्यावर पाणी खळखळत होते.

"तो आवाज म्हणता का?" सरांनी विचारले. "ती तुमची मोटार. तुमच्या न्हाणीघरावर छोटी टाकी आहे ना, तिची. इथल्या हौदातलं पाणी वर चढवते. टाकी भरलेलीच असते, म्हणून ते दुसऱ्या नळाने परत इथंच पडतं. तेच पाणी वर, तेच खाली. माझ्या उशाशीच पडतं." ते हसले. "मी पोरीजवळ निरोप दिला होता, पाण्याचा आवाज आवडतो म्हणून. तेव्हापासून तुम्ही ती माझ्यासाठी बराच वेळ चालू ठेवता. तुमचे आभार मानायचे राहूनच जात होते. आज आलात, बरं झालं."

आता मी बोलायला हवे होते. एक वाक्य पुरले असते. पण मागे अनुभवी उभे होते, समोर सपाट गादीवर पडलेला माणूस हसत होता, आणि आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ तयार वाक्य नव्हते. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते माझ्या मानेलाही सांगता आले नसते. सरांनी ती हो म्हणून घेतली आणि माझ्या हातावर थोपटले. ते थोपटणे मी घेतले. ही माझी खरी चोरी. वीज तर माझीच होती.

अनुभवी, मला अनुभवाने वाटतच होते, असे काहीतरी पुटपुटत जिन्याकडे गेले. सिस्टरांनी नळी बसवली, पेटी चालू केली आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

"उद्यापासून पोरीला पाठवू नका," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "ती इथं पंख्याखाली बसते, फ्रिजमधलं पाणी पिते. उद्या कुणी मोजायला आलं तर मला उत्तर देता यायचं नाही."

वर येऊन मी सरळ गॅलरीत गेलो. चौथे बटण दाबले. खट्. खाली झरा थांबला. पुन्हा दाबले. क्षणभराने झरा सुरू झाला. थांबवला. सुरू केला. इतके दिवस ज्याला मी हाकेला उत्तर न देणारे विश्व समजत होतो, ते दर वेळी उत्तर देत होते, खळखळून, दोन मजले चढउतर करून. मीच ते दुसऱ्या नावाने ऐकत होतो. आणि मन अस्वस्थ असले की झरा वाहतो, हा माझा सिद्धांत अक्षरशः खरा निघाला होता. मन अस्वस्थ असले की मी बटण दाबत होतो. कोणत्याही तत्त्वज्ञाला स्वतःचा सिद्धांत इतक्या खालच्या पातळीवर सिद्ध झालेला पाहावा लागू नये.

मागे पत्नी येऊन उभी राहिली होती. तिने विचारले, "हे बटण काही करत नाही म्हणाला होतास ना?"

हो, असे मी म्हणालो.

"आणि हाच का तुझा झरा?"

हो, हेही मी म्हणालो. ती खुर्चीवर बसली आणि हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मी तिला खाली काय झाले ते सांगितले, आणि तिचे हसू जिथे होते तिथेच थांबले. तिने विचारले, "उद्या शाळा सुटल्यावर ती कुठे जाईल?"

घरमालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगबाई, ती जुनी मोटार का, पूर्वी पाणी वर चढत नसे तेव्हाची. आता आपोआप चढते. मी सांगितले नव्हते का तुम्हाला? सांगितले असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी माझ्या कार्यालयात आली. ती माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर, प्रलंबित तक्रारींच्या ढिगाशेजारी बसली. येणाराजाणारा तिला नाव विचारी, आणि मला कारण. तिने गृहपाठ केला, माझ्या शिक्क्याने स्वतःच्या हातावर 'प्राप्त' असे उमटवले, आणि विचारले की आजीकडे का नाही जायचे. सवयीने माझ्या तोंडून गेले की सदर बाब विचाराधीन आहे.

"म्हणजे तू काहीतरी केलंयस," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी माफीचे पत्र लिहायला बसलो. चौथ्या बटणाकडे हात जाऊ नये म्हणून डावा हात मांडीखाली घेतला होता. पहिला मसुदा पत्नीने वाचला आणि 'अनवधानाने' या शब्दावर रेघ मारली. दुसऱ्यातला 'गैरसमज' गेला. तिसऱ्यात मी 'झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो' असे लिहिले होते. ती म्हणाली, "प्रकार झाला नाही. तू केलास." मग तिने कागद घडी करून फ्रिजच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला आणि मला सांगितले की लिहू नकोस, जा आणि बोल.

खालची घंटी वाजवताना माझे बोट थांबले. त्या बोटाचा आता मला भरवसा नव्हता. सिस्टर दारात आल्या. मी 'मला क्षमा' इथपर्यंत पोचलो तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी रुग्णालयात याहून वाईट ऐकलंय. पण ते दूधवाल्याला सांगतात, डॉक्टरांना सांगतात, वरचे साहेब माझ्यासाठी पाणी सोडतात म्हणून. तुमचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. त्यांना खरं काय ते सांगा. मग पोरीचं बघू."

हे मला अपेक्षित नव्हते. माफी मागणे म्हणजे स्वतःचे काहीतरी देणे. इथे मला एका पडून राहिलेल्या माणसाकडून त्याला मिळालेली भेट काढून घ्यायची होती. मागच्या खोलीत गेलो. बाहेर काहीही वाहत नव्हते. सर खिडकीकडे तोंड करून होते.

"कालपासून बंद आहे," ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. हवामान सांगावे तसे.

मी खुर्चीत बसलो आणि सगळे सांगितले. मोटारीचे मला ठाऊकच नव्हते. बटण मी काही होत नाही म्हणून दाबत होतो. निरोप मिळाला तेव्हा मी तो झऱ्याबद्दलचा समजलो होतो. तुमच्यासाठी म्हणून मी ते एकदाही दाबले नाही. आणि सुरुवात केलीच आहे तर सर्वच सांगावे, म्हणून मन अस्वस्थ असले की झरा वाहतो हा सिद्धांतही सांगून टाकला. दाराशी सिस्टरांनी पदर तोंडाला लावला होता. ते कशासाठी ते पाहायचे धैर्य मला झाले नाही.

सरांनी नजर छताकडे नेली. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मी मान वर केली.

"अहो, चालू, बंद, चालू, बंद. एका रविवारी दुपारी तर किती वेळा. मेहेरबानी करणारा माणूस इतक्यांदा मन बदलत नाही." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "पण असं पडून राहिल्यावर, वाटून घ्यायला काय जातं? आयुष्यभर पोरांना नद्या शिकवल्या. उगम, मुख, खोरं. एकीच्याही काठावर सलग बसलो नाही. ही एक उशाशी आली, तर म्हटलं, कुणीतरी पाठवली असं समजू."

मला त्यानंतर जे वाटले त्याला लाज हा शब्द तोकडा आहे. पण दुसरा माझ्याजवळ नाही, आणि बटण वर होते.

सिस्टर पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "रोज संध्याकाळी यांची कूस बदलावी लागते. तेव्हा फार दुखतं यांना. मला एकटीला आता उचलवत नाही. तुम्ही यायचं खाली. आणि तेवढा वेळ ते पाणी सोडायचं. तेवढाच, जास्त नाही, बिलं फुकट येत नाहीत." मग दाराकडे वळून, जणू किरकोळ काही आठवले असे, त्या म्हणाल्या, "पोरीला पाठवा उद्या. तिचा नकाशा इथंच पडलाय."

तेव्हापासून तसेच चालले आहे. मुलगी दुपारी खाली असते. पत्नी संध्याकाळी कामावरून येते, पर्स ठेवते आणि गॅलरीत जाऊन चौथ्या बटणाशी उभी राहते. ते दाबण्याचा अधिकार घरात आता फक्त तिला आहे. बिल पुन्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले आहे. अगदी कडेला नाही, जरासे अलीकडे. अनुभवी मधूनमधून जिन्यात गाठून विचारतात, तो चोर शेवटी सापडला का? मी सांगतो की सापडला, आमच्याच माहितीतला निघाला, म्हणून प्रकरण वाढवले नाही. ते म्हणतात, मी अनुभवाने तेव्हाच सांगितले होते.

खाली मी सरांच्या खांद्यांखाली हात घालतो, सिस्टर कमरेशी धरतात. सरांचे अंग आश्चर्य वाटावे इतके हलके आहे. आम्ही वाट पाहतो. वर कुठेतरी खट् होते. ते इथे ऐकू येत नाही, मला मात्र येते. मग खिडकीबाहेर मोटार घुरघुरते आणि पाणी पडू लागते. तेच पाणी, वरून खाली. आम्ही त्यांना वळवतो. सर दात आवळतात, डोळे मिटतात, आणि दुखणे ओसरले की, डोळे न उघडताच, रोज मला तेच विचारतात.

"अस्वस्थ झालात वाटतं?"

मी मान खाली घालतो आणि म्हणतो, "हो, सर."